अब्राहामाचा मतदारसंघ

२०२५ च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराण एकमेकांवर क्षेपणास्त्रं डागत होते. त्याच दिवसांत अमेरिकेत दोन माणसं कॅमेऱ्यासमोर बायबलमधल्या एका वचनावरून हमरीतुमरीवर आली. एक टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ आणि दुसरे टकर कार्लसन. दोघे ख्रिस्ती, दोघे उजव्या गोटातले, दोघे ट्रम्प यांचे पाठीराखे. क्रूझ यांचं म्हणणं असं, की लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलो, इस्रायलला आशीर्वाद देणाऱ्याला देव आशीर्वाद देतो आणि शाप देणाऱ्याला शाप. मला आशीर्वाद देणाऱ्यांच्या बाजूला राहायचंय. कार्लसन यांनी विचारलं, बायबलमध्ये हे कुठे आहे? सिनेटरना संदर्भ आठवेना. ‘उत्पत्ती’त आहे, हे कार्लसन यांनीच सांगितलं आणि पुढे विचारलं, तिथे जे म्हटलंय ते नेतान्याहूंच्या सरकाराबद्दल आहे का?

ती चित्रफीत जगभर फिरली ती वेगळ्याच कारणाने. इराणची लोकसंख्या किती, हे क्रूझना सांगता आलं नाही, त्याची टिंगल झाली. खरा ऐवज मात्र वचनाच्या त्या दोन-तीन मिनिटांत होता. ‘उत्पत्ती’च्या बाराव्या अध्यायातलं ते तिसरं वचन देव अब्रामाला उद्देशून बोलतो. तेव्हा त्याचं नाव अब्राहामही झालेलं नव्हतं आणि ज्या याकोबाला पुढे इस्राएल हे नाव मिळणार तो नातू जन्मायचा होता. म्हणजे ज्या वचनावर अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा एक खांब उभा आहे, त्या वचनात इस्राएल हा शब्दच नाही. मग एका टेक्सासच्या मुलाला तो तिथे कुणी दाखवला?

अमेरिकेतले ख्रिस्ती इस्रायलच्या पाठीशी असतात, हे आपण गृहीत धरून चालतो. जणू धर्मग्रंथात लिहिलंय आणि दोन हजार वर्षं पाळलं जातंय. प्रत्यक्षात ख्रिस्ती इतिहासाचा मोठा भाग याच्या उलट दिशेने गेला. देवाची निवडलेली प्रजा आता आम्ही, ज्यूंचा तो मान गेला, असंच चर्च शतकानुशतकं शिकवत आलं आणि त्या शिकवणीच्या आडोशाने युरोपात ज्यूंचे हाल झाले. १९०४ च्या जानेवारीत ज्यू राष्ट्राची चळवळ उभारणारा थिओडोर हर्झल पोप दहाव्या पायसला भेटायला गेला, तेव्हा पोपने त्याला स्वच्छ नकार दिला: ज्यूंनी आमच्या प्रभूला ओळखलं नाही, आम्ही ज्यूंच्या राष्ट्राला ओळखू शकत नाही, असा त्याचा सूर. व्हॅटिकनने इस्रायलशी राजनैतिक संबंध जोडले ते १९९३ च्या करारानंतर. अमेरिकेतला पाठिंबा ही दीडेकशे वर्षांत घडवलेली गोष्ट आहे, आणि घडवणाऱ्यांची नावं, गावं, छापखाने सगळे सापडतात. घडवलेली म्हणून ती खोटी ठरत नाही. पण जे घडवलं गेलं ते मोडूही शकतं, आणि सध्या नेमकं तेच डोळ्यांदेखत चाललंय.

०००

या कथेचं एक टोक मराठी माणसाच्या अंगणात आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली एक मिशनरी मंडळ निघालं, अमेरिकन बोर्ड. १८१३ च्या फेब्रुवारीत त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परतीच्या जहाजात बसवायला निघालं होतं, ते चिकटून राहिले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभी राहिली, १८३१ मध्ये अहमदनगरचं ठाणं झालं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं, पुढे नारायण वामन टिळक त्याच परिवारात आले. हे आपल्याला थोडंफार ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की त्याच मंडळाने १८१९ साली लिव्हाय पार्सन्स आणि प्लिनी फिस्क या दोन तरुणांना जेरुसलेमकडे धाडलं. निघण्यापूर्वी पार्सन्सने बोस्टनच्या पार्क स्ट्रीट चर्चमध्ये जे प्रवचन केलं, त्याचा विषय होता ज्यूंची दुरवस्था आणि त्यांची पुनःस्थापना. ज्यू आपल्या भूमीत परततील आणि येशूला ओळखतील, ही आशा घेऊन तो जहाजात चढला. गंमत अशी, की ज्यांच्या शोधात तो निघाला, त्या अब्राहामाच्या वंशातल्या बेने इस्राएल घरांशी, म्हणजे कोकणातल्या शनिवार तेल्यांशी, मंडळाच्या मुंबईतल्या लोकांचा शाळांमधून संबंध जुळलेला होता.

पार्सन्स १८२२ मध्ये अलेक्झांड्रियात वारला, फिस्क १८२५ मध्ये बैरूतमध्ये. ज्यू काही ख्रिस्ती झाले नाहीत. पण मंडळाची माणसं त्या मुलखात राहिली, अरबी शिकली, शाळा काढल्या, आणि त्यांच्याच धडपडीतून १८६६ मध्ये बैरूतला कॉलेज सुरू झालं, आजचं अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरूत. तीन पिढ्या अरब शेजाऱ्यांत काढल्यावर या मिशनरी घराण्यांची नजर बदलली. १९४८ च्या एप्रिलमध्ये त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष बेयार्ड डॉज यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये लेख लिहून ज्यू राष्ट्राच्या योजनेला विरोध केला. आणि या मंडळाचा वारसा आज ज्यांच्याकडे आहे, त्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने २०१५ मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात इस्रायली ताब्यातून नफा कमावणाऱ्या कंपन्यांतून पैसे काढून घ्यायचा ठराव ५०८ विरुद्ध १२४ मतांनी केला. ज्या मंडळाचे पहिले दूत ज्यूंच्या परतण्याचं स्वप्न घेऊन निघाले, त्याचेच वारस दोनशे वर्षांनी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

०००

दुसरं टोक जास्त वळणावळणाचं आहे. जॉन नेल्सन डार्बी हा आयर्लंडमधला पाद्री अँग्लिकन चर्च सोडून प्लिमथ ब्रेदरन या छोट्या पंथात गेला. त्याने बायबलचा इतिहास काही कालखंडांत विभागला आणि म्हटलं, चर्च वेगळं, इस्राएल वेगळं. देवाचे दोघांशी दोन करार आहेत आणि इस्राएलला दिलेली जमीन-जुमल्याची वचनं रूपकं नाहीत. ती अक्षरशः पुरी व्हायची आहेत. खरे ख्रिस्ती एके दिवशी अचानक वर उचलले जातील, मग सात वर्षांचं महासंकट, मग ख्रिस्ताचं येणं आणि जेरुसलेमहून हजार वर्षांचं राज्य. डार्बीने १८६२ पासून अमेरिकेच्या पुष्कळ वाऱ्या केल्या. यादवी युद्धात पोळलेल्या त्या देशात, जग सुधारत चाललंय यावरचा विश्वास उडालेल्या माणसांना हे वेळापत्रक पटलं.

त्यांपैकी एक शिकागोचा विल्यम ब्लॅकस्टोन. जमीन-मालमत्तेच्या धंद्यात पैसा केलेला, पाद्रीपणाचं कुठलंही शिक्षण नसलेला माणूस. १८९१ च्या मार्चमध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या हाती एक अर्ज ठेवला. रशियात ज्यूंवर अत्याचार होत होते. अर्जाचं म्हणणं, युरोपच्या सत्तांनी बल्गेरिया बल्गेरियनांना आणि सर्बिया सर्बांना दिला, तसा पॅलेस्टाइन ज्यूंना का देऊ नये? खाली ४१३ सह्या, त्यांत जॉन डी. रॉकफेलर, जे. पी. मॉर्गन आणि अमेरिकेचे सरन्यायाधीश मेलव्हिल फुलर. हर्झलची ‘ज्यू राष्ट्र’ ही पुस्तिका निघायला तेव्हा पाच वर्षं होती. मजा म्हणजे आदल्या वर्षी ब्लॅकस्टोनने शिकागोत ख्रिस्ती आणि ज्यूंची परिषद भरवली, तेव्हा तिथले नामवंत रब्बी एमिल हिर्श यांनी उठून सांगितलं, आम्हाला कुठेही परत जायचं नाही, आमचं घर इथेच आहे. ज्यूंपेक्षा ख्रिस्ती गृहस्थालाच ज्यूंना पाठवायची घाई होती.

ब्लॅकस्टोनचा अर्ज फाइलीत पडून राहिला. घराघरांत पोचलं ते सायरस स्कोफील्ड या माजी वकिलाचं काम. १९०९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचं संदर्भ-बायबल काढलं. त्याचं पान कसं दिसतं ते सांगायला हवं, कारण सगळी जादू त्या मांडणीत आहे. वर दोन रकान्यांत मूळ मजकूर, मधल्या अरुंद पट्टीत इतर वचनांचे संदर्भ, मजकुराच्या पोटातच स्कोफील्डने घातलेली मथळ्यांची वाक्यं आणि पायथ्याशी बारीक टायपात टिपा. कातडी बांधणी, पातळ कागद, वर सोनेरी कडा. खेड्यातल्या बॅप्टिस्ट मंडळीत शेतकरी हे पुस्तक मांडीवर घेऊन बसला की त्याचा डोळा वचनावरून टिपेवर आणि टिपेवरून वचनावर सहज ये-जा करणार. देवाचं बोलणं कुठे संपलं आणि कॅन्ससच्या माजी वकिलाचं कुठे सुरू झालं, याची रेघ पानावर असते, डोक्यात राहत नाही. ‘उत्पत्ती’तल्या त्या वचनाविषयी स्कोफील्डने अशा आशयाची टीप दिली, की ज्यूंना छळणाऱ्यांचं नेहमी वाईट झालं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं भलं. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती आणखी पुढे गेली: एखाद्या राष्ट्राने ज्यूद्वेषाचं पाप केलं तर त्याचा न्याय अटळ आहे. अब्रामाला दिलेलं वचन अशा रीतीने राष्ट्रांच्या वागणुकीचा कायदा झालं. टेक्सासच्या त्या मुलाला इस्राएल हा शब्द दिसला तो बहुधा या पायथ्याच्या टिपांच्या पिढीजात सवयीने.

तरीही १९४८ मध्ये इस्रायलसाठी झटणारे अमेरिकन ख्रिस्ती हे लोक नव्हतेच. डार्बी-स्कोफील्डवाले तेव्हा राजकारणापासून अंग चोरून होते. जग बुडणारं जहाज आहे, आपण माणसं वाचवावी, डेकची फरशी कशाला पुसायची, असा त्यांचा हिशेब. ज्यू राष्ट्राच्या बाजूने उभे होते ते रेनहोल्ड नीबर यांच्यासारखे उदारमतवादी प्रोटेस्टंट. त्यांना ना वेळापत्रकात रस होता, ना हजार वर्षांच्या राज्यात. हिटलरच्या छावण्यांतून जे वाचले त्यांना जायला जागा हवी, ख्रिस्ती जगावर ते ऋण आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन बॅप्टिस्ट होते, लहानपणापासून बायबल वाचलेले. कॅन्सस सिटीत कपड्यांच्या दुकानात त्यांचे भागीदार असलेले एडी जेकबसन हे ज्यू मित्र वेळप्रसंगी थेट व्हाइट हाउसमध्ये येऊन गळ घालत. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांचा कडवा विरोध डावलून ट्रुमननी १४ मे १९४८ रोजी इस्रायलच्या घोषणेनंतर अकरा मिनिटांत मान्यता दिली. यात बायबल किती, निवडणूक किती आणि रशियाच्या आधी पोचण्याची घाई किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. ट्रुमननी स्वतः काय मानलं हे मात्र ठाऊक आहे. पाच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जेकबसननी त्यांची ओळख इस्रायलच्या निर्मितीला हातभार लावणारा माणूस अशी करून दिली, तेव्हा ट्रुमन उसळून म्हणाले, हातभार कसला, मी कोरेश आहे. ज्यूंना बाबेलच्या बंदिवासातून घरी जाऊ देणारा तो इराणी राजा. २०१८ मध्ये जेरुसलेममधल्या एका धार्मिक संस्थेने नाण्यावर कोरेशाशेजारी ट्रम्प यांचा चेहरा उमटवला.

०००

बाजू पालटली ती १९६७ नंतर. सहा दिवसांच्या युद्धात जुनं जेरुसलेम इस्रायलच्या हाती आलं आणि पायथ्याच्या टिपा वाचत वाढलेल्यांना घड्याळाचे काटे हलताना दिसू लागले. तीन वर्षांनी हॅल लिंडसे या माणसाने, जो आधी मिसिसिपी नदीत टगबोट चालवायचा आणि पुढे डॅलसच्या सेमिनरीत शिकला, ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ लिहिलं. वर्तमानपत्र आणि बायबलमधलं ‘प्रकटीकरण’ शेजारी ठेवून वाचायची रीत त्याने घरोघर नेली. पुस्तकाच्या अडीच कोटींहून अधिक प्रती गेल्या. नव्वदच्या दशकापासून टिम लहे आणि जेरी जेंकिन्स यांच्या ‘लेफ्ट बिहाइंड’ या सोळा कादंबऱ्यांनी तेच वेळापत्रक थरारकथेच्या रूपात साडेसहा कोटींवर प्रतींतून पोचवलं. या कथानकात ज्यूंच्या वाट्याला जे येतं ते सुखद नाही: महासंकटात बहुतेक मरतात, उरलेले येशूला शरण जातात. आपल्या मित्राचा शेवट असा लिहून ठेवलेली मैत्री घ्यावी की नाही, यावर ज्यूंमध्ये कायम दोन तट राहिले.

इस्रायलचे पंतप्रधान मनाखेम बेगिन यांनी ती घेतली, आणि उघड घेतली. इथे जेरी फॉलवेल येतात. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे हे बॅप्टिस्ट पाळक १९६५ च्या मार्चमध्ये, अलाबामात कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे मोर्चे निघत असताना, व्यासपीठावरून सांगत होते की पाळकाचं काम राजकारण नव्हे, आत्मे जिंकणं आहे. चौदा वर्षांनी त्यांनीच मॉरल मेजॉरिटी ही संघटना काढून लाखो इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, मतदारांना रिपब्लिकन पक्षाच्या दारात आणून उभं केलं. मधल्या काळात काय बदललं? गर्भपात, हे नेहमीचं उत्तर. रँडल बामर हे इतिहासकार म्हणतात, खरी ठिणगी पडली ती वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शाळांची करसवलत सरकारने काढली तेव्हा. मला बामर यांचं म्हणणं पूर्ण उत्तर वाटत नाही, पण पाळकांचा राजकारणाचा तिटकारा सोयीनुसार येतो-जातो, एवढं त्यातून नक्की दिसतं. इस्रायलचं समर्थन मॉरल मेजॉरिटीच्या जाहीरनाम्यात पहिल्यापासून होतं. १९८० मध्ये बेगिन यांनी फॉलवेलना जाबोटिन्स्की पदक दिलं. १९८१ मध्ये इस्रायलने इराकची अणुभट्टी उडवली, तेव्हा बेगिननी फॉलवेलना फोन करून अमेरिकेत बाजू सावरायला सांगितलं, ही हकिकत दोन्हीकडे कौतुकाने सांगितली जाते.

त्याच अणुभट्टीच्या प्रसंगातून सॅन अँटोनिओत जॉन हेगी हे पाळक पुढे आले. जग इस्रायलला नावं ठेवतंय म्हणून त्यांनी १९८१ मध्ये ‘इस्रायलच्या सन्मानाची रात्र’ भरवली. पंचवीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांनी ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल ही संघटना काढली; ती आपले सदस्य एक कोटीच्या घरात सांगते. हा आकडा ई-मेल यादीचा आहे की निष्ठावंतांचा, हा प्रश्न बाजूला ठेवू. कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. दर उन्हाळ्यात वॉशिंग्टनला अधिवेशन भरतं. पहिला दिवस भाषणं, गाणी, निळे-पांढरे झेंडे. मग ओक्लाहोमाचे निवृत्त शिक्षक, टेनेसीतल्या गृहिणी, टेक्सासचे पाळक असे जथे आपापल्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात जातात. प्रत्येकाच्या हातात त्या वर्षीच्या मागण्यांचं पान असतं, तीन-चारच. पॅलेस्टिनी प्राधिकरणाची मदत रोखणारा २०१८ चा टेलर फोर्स कायदा अशाच एका मागणीतून पुढे गेला. इस्रायलवर बहिष्कार टाकणाऱ्यांना सरकारी कंत्राटं नाकारणारे कायदे तीसहून अधिक राज्यांत झाले, त्यांच्या मागेही ही माणसं होती. वॉशिंग्टनमध्ये ज्यू संघटनांचं वजन आहेच, पण ज्या मतदारसंघात औषधालाही ज्यू सापडायचा नाही, तिथल्या प्रतिनिधीला इस्रायलची काळजी का वाटते, याचं उत्तर या जथ्यांत आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतले इस्रायलचे माजी राजदूत रॉन डर्मर यांनी ते जाहीरपणे सांगून टाकलं: आपला कणा इव्हँजेलिकल आहेत, अमेरिकन ज्यूंपेक्षा त्यांच्यावर वेळ खर्च करा.

आणि या लोकांना विचारलं तर ते जगबुडीचं वेळापत्रक पुढे करत नाहीत. ते आशीर्वादाचं बोलतात. आमच्या देशाचं भलं व्हावं म्हणून आम्ही इस्रायलचं भलं चिंततो, इतकं सरळ. टीकाकार कायम ‘प्रलयाची वाट बघणारे वेडे’ असं म्हणून मोकळे होतात. ते मला आळशीपणाचं वाटतं. पिकाला पाऊस, पोराला नोकरी आणि देशाला बरकत मागणारी श्रद्धा कुठल्याही गावात असते. २०१३ मध्ये प्यू संस्थेच्या पाहणीत ८२ टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांनी सांगितलं की ती भूमी देवाने ज्यूंना दिली. ज्यूंमध्ये असं मानणारे ४० टक्के निघाले.

१४ मे २०१८. अमेरिकेची वकिलात तेल अवीवहून जेरुसलेमला आली. अमेरिकी संसदेने तसा कायदा १९९५ मध्येच केला होता, तीन राष्ट्राध्यक्षांनी तो पुढे ढकलत ठेवला. उद्घाटनाची प्रार्थना डॅलसचे रॉबर्ट जेफ्रेस यांनी केली, ज्यांनी ज्यूंना मोक्ष नाही असं पूर्वी सांगितलेलं. समारोपाची हेगींनी केली, ज्यांच्या हिटलरविषयीच्या एका जुन्या प्रवचनामुळे २००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी त्यांचा पाठिंबा परत केला होता. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी इस्रायली सैन्याच्या गोळीबारात साठेक पॅलेस्टिनी मारले गेले. दोन वर्षांनी विस्कॉन्सिनच्या प्रचारसभेत ट्रम्प म्हणाले, राजधानी जेरुसलेमला नेली ती इव्हँजेलिकलांसाठी. राजकारणी माणूस इतकं खरं क्वचित बोलतो.

०००

बाकीच्या अमेरिकन चर्चचं काय? प्रेस्बिटेरियन चर्चने २०१४ मध्ये डेट्रॉइटला कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड आणि मोटोरोला सोल्यूशन्स यांचे शेअर विकायचं ठरवलं, ३१० विरुद्ध ३०३ मतांनी. सात मतांचा फरक. अशी चर्च विद्वान आहेत, ठराव नेटके करतात, पण त्यांची बाकं रिकामी होत चाललीत आणि सिनेटर त्यांना फारसं भीत नाहीत. जास्त लक्ष द्यावं असा आवाज कृष्णवर्णीय चर्चचा. बायडन यांना निवडून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या मंडळ्यांपैकी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या बिशपांनी २०२४ च्या फेब्रुवारीत इस्रायलची सगळी मदत थांबवा असं पत्रक काढलं. मोशे आणि मिसरच्या गुलामीची कथा तीच. पण इथे फारोचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा दिसतो.

या सगळ्या वादात ज्यांच्या गावावरून तो चालतो ते ख्रिस्ती कुठे असतात? २००६ मध्ये जेरुसलेमच्या चार चर्चप्रमुखांनी, त्यांत रोमन कॅथलिक कुलपतीही होते, निवेदन काढून ख्रिस्ती झायनवाद, म्हणजे बायबलच्या आधाराने इस्रायलची पाठराखण, ही खोटी शिकवण आहे असं म्हटलं. अमेरिकेत त्याची दखल कमीच घेतली गेली. २०२३ च्या नाताळात बेथलेहेमने रोषणाई रद्द केली. तिथल्या ल्युथरन चर्चमध्ये पाळक मुन्थर आयझॅक यांनी गव्हाणीच्या जागी फुटक्या काँक्रीटचा ढीग रचून त्यात काळ्या-पांढऱ्या चौकडीच्या रुमालात गुंडाळलेला बाळ येशू ठेवला. दोन महिन्यांआधी गाझातल्या संत पॉर्फिरिअस चर्चच्या आवारात आसरा घेतलेली माणसं हवाई हल्ल्यात दगावली होती. आपले पूर्वज पेन्टेकॉस्टच्या दिवसापासून इथले, असं इथले ख्रिस्ती सांगतात. अमेरिकन यात्रेकरू बसमधून उतरून येशूचं जन्मस्थान बघतो, दोन तासांत परततो. त्या गावात आजही येशूची उपासना अरबीत होते हे त्याला कुणी सांगत नाही.

ट्रम्प यांनी इस्रायलला पाठवलेले राजदूत माइक हकबी स्वतः बॅप्टिस्ट पाळक, आर्कान्सासचे माजी गव्हर्नर. वेस्ट बँक हा शब्द ते टाळतात, यहूदिया आणि शोमरोन म्हणतात. २०२५ च्या जुलैमध्ये त्यांची दोनदा अडचण झाली. इस्रायलच्या गृहखात्याने इव्हँजेलिकल संस्थांच्या व्हिसावर इतक्या चौकशा सुरू केल्या, की हकबींना मंत्र्याला खरमरीत पत्र लिहावं लागलं. इतकी वर्षं आशीर्वाद देणाऱ्यांच्या नशिबी खिडकीपुढची रांग आली. त्याच महिन्यात रामल्लाजवळच्या तय्यिबे या ख्रिस्ती गावात पाचव्या शतकातल्या चर्चच्या अवशेषांपाशी आग लागली. गावकऱ्यांनी वसाहतवाल्यांकडे बोट दाखवलं. हकबी तिथे गेले, अवशेषांत उभे राहिले, हे दहशतीचं कृत्य आहे, शिक्षा झाली पाहिजे म्हणाले. काही दिवसांतच त्यांनी खुलासा केला, की आपण कुणावर आरोप केलेला नाही.

आता पुढची पिढी. नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठातले मोट्टी इनबारी आणि त्यांचे सहकारी किरिल बूमिन यांनी १८ ते २९ वयाच्या इव्हँजेलिकलांच्या पाहण्या केल्या. २०१८ मध्ये इस्रायलच्या बाजूचे ७५ टक्के होते, २०२१ मध्ये ३४. गाझाचं युद्ध तेव्हा सुरूही झालं नव्हतं. प्यूच्या २०२५ च्या पाहणीत पन्नाशीच्या आतल्या रिपब्लिकनांपैकी निम्म्यांचं इस्रायलविषयीचं मत प्रतिकूल निघालं. कारणं अनेक. डार्बीचं वेळापत्रक कित्येक सेमिनऱ्यांतून मागे पडलं. तरुण पाळक ‘रोमकरांस पत्र’ शिकवतात, स्कोफील्डच्या टिपा नाही. फोनवर गाझा दिसतं. आणि इराकपासून परदेशी युद्धांचा कंटाळा आहे.

पण ही सगळी घट पॅलेस्टिनींच्या कणवेतून आली असं मानणं भाबडेपणाचं होईल. २०२५ च्या ऑक्टोबरात कार्लसन यांनी निक फ्युएन्टेस या उघड ज्यूद्वेष्ट्या तरुणाला आपल्या कार्यक्रमात मानाने बसवलं, आणि ख्रिस्ती झायनवाद्यांचा आपल्याला सर्वाधिक तिटकारा असल्याचं सांगितलं. त्याच आठवड्यात मिसिसिपी विद्यापीठात उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या सभेत एका विद्यार्थ्याने विचारलं, आपण इस्रायलला पैसा का देतो, त्यांचा धर्म आपल्याशी जुळत नाही, उलट आपल्या धर्माच्या छळाचं समर्थन करतो. प्रश्न विचारणारा व्हान्स यांच्याच गोटातला. व्हान्स कॅथलिक आहेत, वयाने चाळिशीतले, स्कोफील्डच्या वळणात न बसणारे. त्यांनी अमेरिकेचं हित आधी, इस्रायल या राष्ट्राध्यक्षांना नाचवत नाही, अशा अंगाने उत्तर दिलं. ज्यू धर्म ख्रिस्ती लोकांच्या छळाचं समर्थन करतो, हे प्रश्नातलं गृहीतक मात्र त्यांनी खोडलं नाही.

हेगींच्या सॅन अँटोनिओत जे उभं राहिलं त्यात एक गोष्ट निदान ठाम होती: ज्यूद्वेष हे पाप आहे, पायथ्याच्या टिपेत तसं छापलंय. ती टीप न वाचता वाढलेल्या मतदाराला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, बेथलेहेमच्या पाळकाचं ऐकण्याची आणि फ्युएन्टेसचं ऐकण्याचीही. रिपब्लिकन पक्षात सध्या दुसऱ्या वाटेवर गर्दी जास्त दिसते, आणि म्हातारे मतदार तरुणांपेक्षा अधिक नेमाने मतदानाला जातात, या एका आधारावर जुना मतदारसंघ अजून टिकून आहे.